बरणीचा तळ

“ओतलंस?” आतेनं एवढंच विचारलं.

मे संपत आला होता. शिरोड्याच्या घरात रातांब्यांचा वास इतका भरला होता की रात्री उशीलाही तो यायचा. पडवीत सालं वाळत पडलेली, माजघरात मिठात मुरत ठेवलेली, आणि आतेची बोटं मनगटापर्यंत जांभळी. नवं आगळ भरायला चिनी मातीची जुनी बरणी रिकामी हवी होती, म्हणून ती मी परसात धुवायला नेली. तळाशी दोन बोटं जाडीचा लालसर चुरा बसलेला. आत हात घातला तर वाळूसारखा करकरला. तांब्याभर पाणी घातलं, बरणी दोन्ही हातांत धरून गोल फिरवली आणि मागच्या दाराच्या चिऱ्यावर उपडी केली. तेवढ्यात आते टोपली कमरेवर घेऊन आली, चिऱ्यावरून वाहणाऱ्या लाल ओघळाकडे तिनं पाहिलं आणि तो एक शब्द विचारला. “गाळ होता गं तळाला,” मी म्हणालो. तिनं बरणी हातात घेतली, उजेडाकडे कलती करून आत पाहिलं, आणि काही न बोलता घरात गेली.

रात्री वहिनीनं सांगितलं. ते वर्षभर आगळात भिजलेलं मीठ. पावसाळ्यात सकाळच्या पेजेबरोबर आते त्यातलं चिमूट चिमूट घेते. “आते तळ कोणाक ढवळूक देणा नाय,” वहिनी हळूच म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक माशाची तुकडी वाढली, जणू मीच कुणाकडून दुखावलो गेलो होतो.

मीठ काय, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. झोप लागेना ती दुसऱ्याच कारणानं. भांडं गोल फिरवायचं, तळ सुटा करायचा आणि उपडं करायचं, ही हाताची हालचाल माझ्या चांगल्या ओळखीची होती. असंच मी एकदा मुंबईत, एका स्टीलच्या सिंकमध्ये केलं होतं. तेव्हा ओघळ हिरवा होता.

२००४ सालची गोष्ट. मी एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक होतो. आमच्या सरांना नीलहरित शैवालातलं एक प्रथिन स्फटिकरूपात हवं होतं. प्रकाशसंश्लेषणातली प्रकाशप्रणाली एक. आम्ही सगळे पीएस वन म्हणायचो. बर्लिनच्या गटानं दहा वर्षांहून अधिक काळ खपून २००१ मध्ये या प्रथिनाची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली होती. त्यांचं शैवाल जपानमधल्या बेप्पूच्या गरम पाण्याच्या झऱ्यातलं. उकाड्यात जगणाऱ्या जिवांची प्रथिनं घट्ट असतात, लवकर विस्कटत नाहीत, म्हणून स्फटिकवाल्यांचा जीव त्यांच्यावर. हे ऐकलं तेव्हा मला संगमेश्वराजवळची तुरळ-राजवाडीची कुंडं आठवली. लहानपणी मुंबईला जाताना तिथे गाडी थांबायची, आम्ही पाय बुडवून बसायचो, आणि कडेच्या दगडांवर जो हिरवा बुळबुळीत थर असायचा त्यावरून घसरू नये म्हणून आई दंड धरून ठेवायची. कुणी त्या थरासाठी आयुष्य वेचत असेल असं तेव्हा वाटायचं कारण नव्हतं.

कामाचं स्वरूप म्हणाल तर स्वयंपाकघरासारखंच. शैवाल वाढवायचं, गाळायचं, पेशी फोडायच्या, त्यातली पटलं वेगळी करायची आणि डिटर्जंट घालून त्या पटलांत रुतून बसलेलं प्रथिन सोडवून घ्यायचं. (डिटर्जंट म्हणजे साबणाचाच भाऊ हे कळल्यावर आते म्हणाली होती, “एवढा शिकान शेवटी भांडीच घासतंस.”) हे सगळं चार अंशांच्या थंड खोलीत, मंद हिरव्या दिव्याच्या उजेडात. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश गिळतं, हिरव्याशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं, म्हणून काम करणाऱ्याला दिसावं आणि प्रथिनाला खुपू नये यासाठी दिवा हिरवा. त्या खोलीत सगळ्यांचे चेहरे पाण्याखालच्या माणसांसारखे दिसायचे. स्वेटर घालून मी तासन्‌तास उभा असायचो, नाकात शैवालाचा तो ओल्या विहिरीचा वास, आणि बाहेर पडलं की मुंबईचा घामट मे महिना अंगावर कोसळायचा.

मीठ असं सुटतं कुठे. मी मिठागरांच्या गावचा. शिरोड्याची मिठागरं आता होती तशी राहिली नाहीत, पण माझ्या लहानपणी भरतीचं पाणी वाफ्यात घेतलेलं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवलेलं, उन्हानं घट्ट होत चाललेलं रोज पाहायला मिळायचं. पाणी जातं, मीठ उरतं. सावकाश आटलं तर दाणा मोठा, घाईनं आटलं तर बारीक. स्फटिक म्हणजे एवढंच, अशी माझी समजूत. आणि बहुतेक प्रथिनांच्या बाबतीत ती फार चुकीचीही नाही; मीठ किंवा तसलंच काही वाढवत नेलं की ती पाण्यातून बाहेर पडतात. पीएस वनचं मात्र उलटं. ते खारट पाण्यात सुखानं विरघळून राहतं, आणि मीठ हळूहळू काढून घेतलं की त्याला पाणी सोसवत नाही. रेणू एकमेकांना बिलगतात आणि हिरवे षटकोनी स्फटिक धरू लागतात. मिठागर उलटं चालवायचं होतं. सहा महिने मी तेच केलं. पातळ पडद्यापलीकडचं मीठ जरा जरा कमी करत नेलं आणि वाट पाहिली.

आलं ते असं: एके सकाळी थेंबाच्या तळाशी हिरवी धूळ. सूक्ष्मदर्शकाखाली, ध्रुवित प्रकाशात तबकडी फिरवली की ती लुकलुकायची. पुळणीवरच्या ओल्या वाळूवर उन्हं कलती पडली की लाखो कण एकदम चमकतात, तसं. मला वाटलं, जमलं. स्फटिकवाल्यांची नेहमीची धास्ती असते की थेंबात दिसलेला सुंदर स्फटिक मिठाचा निघेल. सुईनं दाबून पाहतात, कडक फुटला तर मीठ, लोण्यासारखा चिरडला तर प्रथिन. माझ्या धुळीला सुई लावण्याएवढं अंगच नव्हतं, पण ती हिरवी होती, आणि मीठ हिरवं नसतं. मी सरांना बोलावून आणलं. त्यांनी डोळा लावला, दोन क्षण पाहिलं आणि सरळ झाले. “शॉवर आलाय. टाकून दे, पुन्हा लाव.”

शॉवर. थेंबात एकाच वेळी लाखो ठिकाणी स्फटिक धरले की एकालाही वाढायला माल उरत नाही, सगळेच बारके राहतात, त्याला आमच्यात हा शब्द. सर रागावले नव्हते. तसा रिवाजच होता. क्ष-किरणांपुढे धरायला निदान केसाच्या जाडीएवढा तरी दाणा हवा. किनाऱ्यावर होडी ओढताना एकट्यादुकट्यानं जोर लावून ती हलत नाही. चाळीस-पन्नास जणांनी एका सुरात हाळी दिली की वाळूवरून सरकते. स्फटिकातले रेणू असेच एका रांगेत, एका तोंडानं उभे असतात म्हणून त्यांच्यावरून विखुरलेले क्ष-किरण एकमेकांत मिळून ठळक ठिपके उमटवतात, आणि त्या ठिपक्यांवरून आतली मांडणी काढता येते. माणसं कमी तर हाक क्षीण. हाक क्षीण म्हणून किरण जास्त वेळ मारावेत तर ते प्रथिनालाच जाळत सुटतात. म्हणजे मोठा दाणा हवाच. मी ती धूळ सिंकमध्ये ओतली, नळ सोडला. तशा बावीस तबकड्या. वर्षअखेरीला प्रकल्पाची मुदत संपली आणि मी गावाकडे आलो, पुढे बी.एड. करून कनिष्ठ महाविद्यालयात लागलो.

हे सगळं मी विसरलोही होतो.

२०११ च्या फेब्रुवारीत, स्टाफरूममधल्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर, ‘नेचर’मधल्या एका शोधनिबंधाचा गोषवारा उघडला. हेन्री चॅपमन, पेट्रा फ्रॉमे, जॉन स्पेन्स आणि भलीमोठी मंडळी. पेट्रा फ्रॉमे म्हणजे बर्लिनच्या त्याच गटातली. प्रथिन तेच, पीएस वन, आणि स्फटिकांचं माप २०० नॅनोमीटर ते २ मायक्रॉन. मी तो आकडा पुन्हा वाचला. मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातला एक म्हणजे दोन मायक्रॉन, आणि तो यातला सगळ्यांत मोठा दाणा. कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या प्रयोगशाळेत, कणांना वेग देणाऱ्या जुन्या तीन किलोमीटरच्या त्वरकाच्या शेवटच्या एका किलोमीटरवर, २००९ मध्ये क्ष-किरणांचा लेझर सुरू झाला होता; त्याच्यापुढे पाण्याची केसाहून बारीक धार सोडून, त्या धारेतून ही हिरवी धूळ वाहवत नेली होती. तीस लाखांहून अधिक छायाचित्रं. त्यांतली सुमारे पंधरा हजार कामी आली. चित्र तसं ढोबळच निघालं, २००१ च्या चित्रापुढे अगदीच धूसर, पण निघालं. बाहेर बारावीची तोंडी परीक्षा चालू होती, कुणीतरी पोरगा हरितद्रव्याचं सूत्र चुकत होता, आणि मी स्क्रीनपुढे बसून होतो.

युक्ती जगावेगळी आहे, आणि ती समजावून सांगताना मला अजून पहिल्या वळवाची वीज आठवते. रात्री परसातल्या माडावर वीज पडताना मी एकदा पाहिली आहे. माड पेटला तो नंतर. पण त्या निमिषात त्याचं झावळं न्‌ झावळं, शहाळ्यांचा घड, खोडावरचे खाचे, सगळं लख्ख दिसलं होतं, आणि दिसला तो माड अजून शाबूत होता. हा लेझर तेच करतो. त्याचा एक झोत ७० फेम्टोसेकंदांचा किंवा त्याहून आखूड. एका फेम्टोसेकंदाला एक सेकंद मानलं तर एका सेकंदाची तीन कोटींहून अधिक वर्षं होतात. इतक्या थोडक्या वेळात अणूंना जागचं हलायला सवडच मिळत नाही. स्फटिक मरतो, त्याचा प्लाझ्मा होऊन जातो, पण आपण मेलो हे त्याला कळायच्या आत ठिपके उमटून गेलेले असतात. हे जमेल असं गणित रिचर्ड न्यूट्झ, यानोश हायदू आणि सहकाऱ्यांनी २००० मध्येच मांडून ठेवलं होतं, म्हणजे मी थंड खोलीत स्वेटर घालून उभा होतो त्याच्याही आधी. एक स्फटिक, एक झोत, एक चित्र. प्रत्येक दाणा धारेत कसाही आडवातिडवा आलेला. मग हजारो चित्रं संगणकानं जुळवायची. बरे दोन-चार मोठे दाणे असण्यापेक्षा इथे एकसारखा बारीक चुरा अमाप असणंच सोयीचं. नंतरच्या काळात तर कुणी कुणी मोठे वाढलेले स्फटिक मुद्दाम चुरून घेऊ लागले.

ते वाचून मी हसलो, पण ते हसू काही खरं नव्हतं.

पुढे या हिरव्या धुळीचं वेड मी लांबूनच ठेवलं. सगळ्यांत चटका लावतं ते दुसऱ्या प्रणालीचं, पाणी फोडून प्राणवायू सोडणाऱ्या पीएस टूचं. तिच्या पोटात चार मँगनीज, एक कॅल्शियम आणि पाच ऑक्सिजन मिळून वाकड्या खुर्चीसारखा एक पुंजका असतो. २०११ मध्येच जपानी गटानं तो १.९ अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे अणू न्‌ अणू ओळखता येईल इतका, स्पष्ट दाखवला. पण नेहमीच्या क्ष-किरणांनी त्या मँगनीजचीच अवस्था बदलते, म्हणजे पाहता पाहता पाहण्याची वस्तू बिघडते. त्यामुळे जपानच्या साक्ला या तसल्याच लेझरवर आणि अमेरिकेच्या त्या लेझरवर मंडळींनी बारीक स्फटिकांवर आधी प्रकाशाचे झोत मारले आणि मग क्ष-किरणांचा. अंधारात ठेवलेल्या पीएस टूला झगझगाट दिला तर प्राणवायू तिसऱ्या झोताला सुटतो आणि मग दर चौथ्याला, हे १९७०च्या आसपास जोलिओ आणि कोक यांनी दाखवून ठेवलं होतं. आता एक झोत, दोन झोत, तीन झोत देऊन प्रत्येक पायरीला तो पुंजका कसा बसतो ते पाहता येतं. मागच्या दाराच्या चिऱ्यावर पावसाळ्यात जो काळाहिरवा थर चढतो, ज्यावर आते दोनदा घसरली आहे, तो उन्हात बसून हेच करत असतो. आम्ही त्यावर चुना टाकतो.

मिठागरातल्या शेवटच्या वाफ्यांतल्या पाण्यावर कधी कधी गुलाबी झाक यायची. आम्हा पोरांची समजूत की कुणीतरी आगळ सांडलं. ते खाऱ्या पाण्यातच जगणाऱ्या सूक्ष्म जिवांचं काम. तसल्याच जिवांतल्या एकाकडे बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचं जांभळट प्रथिन असतं. हरितद्रव्य नाही, पण प्रकाश खाऊन पेशीबाहेर प्रोटॉन ढकलायचं काम ते करतं. त्याचेही दाणे बारीकच धरायचे. २०१६ मध्ये साक्लावर त्याचा नॅनोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंतचा चलत्‌पट घेतला गेला. त्याच यंत्रावर कुणी स्फटिक ग्रीसमध्ये कालवून पाठवले होते, धार सावकाश सरकावी आणि माल कमी वाया जावा म्हणून. सायकलच्या साखळीला लावतात त्याच्याच जातीचं ते ग्रीस. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

माल वाया जातो, हे खरंच. पाण्याची धार अखंड वाहत असते आणि झोत थांबून थांबून येतात. दोन झोतांमधून बहुतेक स्फटिक काहीही न घडता निघून जातात आणि पलीकडे जमा होतात. रापणीला जसं दोरखंड ओढून ओढून हात सोलले तरी जाळ्यात मूठभर तारल्या. पंधरा हजारांना नशीब लागलं, बाकीच्यांना कुणी विचारलंही नाही. माझ्या बावीस तबकड्यांतल्या धुळीची बाजू घ्यायची तर हा मुद्दा मला पुष्कळ दिवस पुरला. ती तिकडे गेली असती तरी बहुतेक वायाच गेली असती.

आणि ती तिकडे जाणारही नव्हती. २००४ मध्ये ते यंत्रच नव्हतं. ती धूळ मी शीतकपाटात ठेवली असती तरी पाच वर्षं कुठली टिकायला. कदाचित ती धड स्फटिकांची नसेलही, नुसताच गोळा झालेला प्रथिनाचा साका असेल. माझ्या आठवणीतली लुकलुक इतक्या वेळा काढून पाहिली आहे की तिच्यावर आता माझाच भरवसा नाही. हे सगळे जमाखर्च मी मांडले आहेत. एकच कलम कुठे बसत नाही. बारीक स्फटिक विरजणासारखे वापरता येतात, ते नव्या थेंबात सोडले की त्यांच्यावर मोठे दाणे धरतात, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. बर्लिनवाल्यांना माहीत होतं, आमच्या फळीवरच्या पुस्तकात होतं, मी ते प्रकरण पेन्सिलनं खुणा करत वाचलं होतं. सरांना त्या दिवशी घाई असेल. पण मी तरी “सर, यातलं थोडं विरजणाला ठेवू का?” असं विचारायला हवं होतं. माझ्या घरी दह्याचं पातेलं घासताना तळाशी चमचाभर दही काढून ठेवायचं असतं हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. मला ते विचारायचं सुचलं नाही असं मी अनेकदा स्वतःला सांगितलं आहे. सुचलं होतं. नळ सोडायच्या आधी हात क्षणभर थांबला होता. सरांपुढे बोलायची भीड वाटली, आणि दुसरं म्हणजे शनिवार होता, दादरहून रात्रीची गाडी पकडायची होती.

शिरोड्याहून निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मागच्या दारी गेलो. आठ दिवस कडकडीत ऊन होतं. मी बरणी उपडी केली होती त्या चिऱ्याच्या छिद्राछिद्रांत पाणी आटून दाणे धरले होते. ओघळ गेला होता त्या वाटेनं एक फिकट गुलाबी रेघ. पिशवीत वर्गात वापरायचं भिंग होतं ते काढलं आणि उकिडवा बसलो. चौकोनी, स्वच्छ, काही पायऱ्यापायऱ्यांचे, काठाशी लालसर. मोठे दाणे सावलीकडच्या खळग्यात होते, तिथे पाणी सावकाश आटलं असणार. उन्हाच्या बाजूला नुसतीच भुकटी. जुन्या शेवाळाचा काळा पापुद्राही तिथेच, सुकून उचकटलेला, पावसाची वाट बघत.

“काय बघतंस रे?” आते दारात उभी होती. हातात नवी भरलेली बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं.

मी नखानं सावलीतला एक दाणा खरवडला आणि जिभेवर ठेवला. ती वाट पाहत राहिली.

“आंबट लागता ना?” ती म्हणाली.

मी मान हलवली. तिनं बरणी उंबऱ्यावर ठेवली, पदर खोचला आणि आतून एक वाटी घेऊन आली.